पिवळ्या फ्रॉकातलं बुजगावणं

दिग्ना रेंतेरिया आपल्या नातीला डुकरासारखी खांबाला बांधून ठेवते, ही बातमी आमच्या नदीवर पहिल्यांदा कुणी सोडली ते मला सांगता येणार नाही. मी सोडली नाही, एवढं मात्र खरं. माझ्या तोंडून निघाली असती तर जरा रंगीत निघाली असती. खालच्या वळणापर्यंत पोचली तेव्हा पोरगी सकाळपासून बांधलेली होती. केळ्यांच्या बोटीत बसून किब्दो शहरात उतरली तोवर तिला बांधून आठवडा झाला होता, आणि बाजारात मासे विकणाऱ्या बायका एकमेकींना सांगत होत्या की म्हातारी तिला केळीची सालं खायला घालते.

आता खरं ऐका. खांबाला बांधलेलं होतं ते बुजगावणं होतं. नात याइरा, वय पाचच्या आसपास, तिचा नाताळातला पिवळा फ्रॉक काखेत दाटायला लागला म्हणून दिग्नानं त्यात केळीची वाळकी पानं कोंबली, वर भोपळ्याचं डोकं बसवलं, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि कमरेला दोरी घालून ते आपल्या भाजीच्या बागेपाशी उभं केलं. दिग्नाचं घर नदीच्या अगदी काठावरच. होडीतून जाणाऱ्याला लांबून काय दिसणार? पिवळ्या फ्रॉकातली एवढीशी पोर, मान कललेली, कमरेला दोर, भर पावसात उभी. त्यात दुसऱ्याच दिवशी भोपळा पुढं झुकला, म्हणजे पोर रडतेय असंही वाटायला लागलं.

आणि खरी याइरा त्या वेळी कुठं असायची? माझ्या स्वयंपाकघरात, माझी साखर खात.

आमच्याकडे जमिनीवर भाजी लावणारी बाई म्हणजे डुकराला पाटावर बसवून जेवू घालणारी बाई. म्हणून घराघराशेजारी सोतेआ असते. खांब रोवायचे, कामातून गेलेली होडी त्यांच्यावर चढवायची, तिच्यात माती भरायची आणि वर कांदा, रानकोथिंबीर, तुळस, टोमॅटो. मातीही कुठलीतरी चालत नाही. पानकाप्या मुंगळ्यांच्या वारुळाची भुसभुशीत माती रानातून टोपलीनं आणावी लागते. मग खालून डुक्कर हिंडो, कोंबडी हिंडो, नदी येऊन जावो, कांदा वर आपला सुखात. बायकांचं राज्य आहे ते. पुरुषांनी खांब रोवून द्यायचे आणि पुढं कालवणात कांदा कमी पडला तर तोंड वाकडं करायचं.

दिग्नाच्या सोतेआतला कांदा तिच्या आईचा. आमचं मूळ गाव पार वर, उगमाकडे. बंदूकवाले आले आणि अंधार पडायच्या आत गाव रिकामं करा म्हणाले, त्या दिवशी ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं घेतलं. कुणी शिवणयंत्र घेतलं, कुणी संताची मूर्ती. माझ्या सासूनं फुटका आरसा घेतला. दिग्नानं एका कडेवर मिर्लेला घेतलं, ही तिची एकुलती लेक, तेव्हा जेमतेम चालायला लागलेली, आणि दुसऱ्या हातात भाताचं पातेलं. वाटेत भूक लागली तेव्हा आम्ही सगळे त्या पातेल्याभोवती गोळा झालो. झाकण काढलं तर आत माती आणि कांदे! बयेनं शिजलेला भात फेकून दिला होता आणि आईच्या बागेतले कांदे मुळासकट भरून आणले होते. त्यावरून आम्ही तिला अजून चिडवतो. "दिग्नाकडे जेवायला जाताना आधी झाकण उघडून बघा," असं गावात म्हणतातच.

त्या कांद्याची पात ती कुणालाही देते. मागावी लागत नाही, सकाळी दाराच्या खिळ्याला जुडी लटकलेली असते. मूळ मात्र देत नाही. मूळ लेकीचं. लेक घर मांडते तेव्हा आईच्या सोतेआतून मुळं घेऊन जाते, आमच्यात असंच आहे. मिर्ले मेदेयिनला, त्या मोठ्या शहरात, कामाला निघाली तेव्हा दिग्नानं केळीच्या पानात मुळं बांधून तिच्यापुढं धरली. मिर्ले म्हणाली, "आई, चौथ्या मजल्यावर एक खोली आहे मला. तिथं काय करू मी याचं? उशाला घेऊन झोपू?" पुडी परत आली. बोटीत फक्त मिर्ले बसली. थोड्या महिन्यांनी मिर्लेची तान्ही पोरही परत आली, तिच्या दुपट्यासकट. ती याइरा. बाप्तिस्म्याच्या वेळी पोरीला हातावर मी धरलं होतं, तेव्हापासून दिग्ना आणि मी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो आणि मोकळेपणी भांडतो.

आता शत्रूंची ओळख करून देते. पहिली शत्रू तोरिबियोकाकांची डुकरीण. काकांनी तिचं नाव डॉक्टरीण ठेवलंय, कारण ती रोज घरोघर जाऊन तपासणी करते. ती काही सोतेआवर चढत नाही, पण खांबाला पाठ घासते, आणि तिनं पाठ घासली की वरचे टोमॅटो खाली येतात. दुसऱ्या शत्रू माझ्या कोंबड्या. तशा त्या सुसंस्कृत आहेत, पण त्यांना उडता येतं त्याला मी काय करू? तिसरे मुंगळे, होडीच्या भेगेतून वर शिरणारे. आणि चौथी, या सगळ्यांची सेनापती, याइरा.

याइराचा दोष एकच. तिला दम नाही. कांदा लावला की दुसऱ्या दिवशी ती तो उपटून बघायची, वाढला का म्हणून. बघून झालं की परत खोचायची, कधी सुलटा, कधी उलटा. दिग्नानं सोतेआवर चढायचा खाचांचा ओंडका उलटा फिरवून ठेवला, म्हणजे खाचा खाली, गुळगुळीत बाजू वर. आमच्या घरांनाही हेच जिने असतात, रात्री उलटे केले की जनावर वर येत नाही. पण याइरा जनावर नव्हती ना. ती खांबाला मिठी मारून चढायची. दिग्नानं खांबांना डुकराची चरबी फासली. मग याइरानं खालून होडीच्या भेगेत काडी घालून माती पाडायला सुरुवात केली. त्या मातीचे ती केक करायची आणि डॉक्टरणीच्या वाढदिवसाला वाटायची. वाढदिवस रोज असायचा.

"बांधून घाल तिला एकदा," मी थट्टेत म्हटलं.

"बांधते," दिग्ना म्हणाली, आणि तिनं बुजगावणं बांधलं. पोरीला उभं करून दाखवलं, "ही बघ. हिनंसुद्धा कांदे उपटले होते."

याइरानं बुजगावण्याकडे बघितलं, जवळ गेली आणि त्याला आपला अर्धा खाल्लेला पेरू भरवला.

तेव्हा दिग्नाच्या डोक्यात निराळंच आलं. एका सकाळी ठोकाठोक ऐकून मी बाहेर आले, तर बाई होडीच्या पोटाखाली उताणी पडलेली, हातात डांबराचा डबा आणि चिंध्या. नवऱ्याची होडी ती. तो गेल्यावर उन्हापावसानं चिरली तेव्हा कुठं ती वर चढवली होती. आता दिग्ना एकेका भेगेत चिंधी कोंबत होती, वर डांबर लावत होती, नवरा ठोकायचा तशी लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकत होती. मुंगळ्यांनाही वाट नाही आणि पोरीच्या काडीलाही. पाणी निघायला एकच भोक ठेवलं, त्यात मक्याचं रिकामं कणीस बुचासारखं बसवलं. पाऊस पडून गेला की बूच काढायचं, पाणी सोडायचं, परत लावायचं.

"कोमाद्रे," मी म्हटलं, "बाग लावतेस की समुद्रावर निघालीस?"

"तू तुझ्या कोंबड्यांचे पंख काप, मग मला शहाणपण शिकव."

तोरिबियोकाका डुकरिणीला शोधत आले होते. त्यांनी वाकून होडीच्या तळावर थाप मारली, कान दिला आणि मान हलवली. "दिग्ना, होडी दुरुस्त केली की तिला पाणी आठवतं."

"तुम्हाला तुमची डुकरीण आठवली तरी पुष्कळ झालं, काका."

आम्ही हसलो. हसण्यासारखंच बोलत होते ते.

बुजगावण्याची दोरी लांब होती. बोटीची जुनी दोरी, जाड, अजून घट्ट. दिग्नाला काही कापून टाकवत नाही. उरलेलं टोक तिनं होडीच्या नाकातल्या भोकातून ओवून तिथंच गाठ मारून ठेवलं, लोंबकळून पोरीला झोका नको मिळायला म्हणून. बुजगावण्याचा खांब मात्र तिनं खोल रोवला होता. डॉक्टरणीनं ढकलला तर पडू नये एवढा.

फोन आला तेव्हा मी दुकानात मीठ घ्यायला गेले होते. दुकानदारीण म्हणाली, "मिर्ले आहे. आईला बोलव म्हणतेय. तूच घे, तू आईपेक्षा जास्त बोलतेस."

"मावशी," मिर्ले तिकडून म्हणाली, आणि मला आवाजावरूनच कळलं की बातमी चौथ्या मजल्यावर चढलेली आहे. "खरं सांग. आई तिला बांधते का?"

"अगं येडे, बुजगावणं आहे ते! तिचा जुना फ्रॉक घातलेलं."

"इथं दोघीजणी सांगतात डोळ्यांनी बघितलं म्हणून. दिवसभर पावसात उभी होती म्हणे."

"बुजगावण्याला छत्री देतात का मेदेयिनमध्ये?"

ती हसली नाही. मिर्ले लहानपणी माझ्या असल्या बोलण्यावर लोळण घेऊन हसायची. "मावशी, तुला आठवतं का, आई मळ्यात जाताना घराचा ओंडका उलटा करून जायची? मी वर. दिवसभर. खाली पोरं खेळायची आणि मी वरून बघायची. रडून घसा बसायचा माझा."

"तू नदीत पडू नयेस म्हणून करायची ती. एकटी बाई, काय करणार?"

"आणि कांदे उपटू नयेत म्हणून. ते पण सांग ना." मग म्हणाली, "मी शनिवारच्या बोटीनं येतेय. याइराला घेऊन जाणार. तिचे कपडे धुऊन ठेव म्हणावं."

मी घरी येईपर्यंत वाक्यं जुळवत होते. निरोप गोड करून सांगायची मला सवय आहे, पण याला साखर कुठं लावायची तेच कळेना. तसाच सांगितला. दिग्ना कांद्याची पात कापत होती. कापत राहिली.

"ते बुजगावणं आज काढून टाक," मी म्हटलं. "येताना तिला नदीतून पहिलं तेच दिसेल."

"दिसू दे."

"अगं, हट्ट कसला?"

"माझ्या घरात माझ्या दोरीनं काय बांधायचं ते आता मेदेयिनला विचारून ठरवू? बघू दे तिला. जवळ येऊन बघू दे. लोकांनी होडीतून बघितलं तसं नको."

पुढचे दिवस मी तिच्या ओसरीवर जरा जास्तच गेले. कारण काढून. सुई दे, काडेपेटी दे. दिग्ना पोरीचे कपडे धुऊन वाळत घालायची, आणि पावसानं ते भिजले की जरा बरं वाटल्यासारखी परत आत आणायची. शेजारच्या बाया येऊन सांगून गेल्या, "सोतेआ मोडून टाक दिग्ना. बाग नको, भांडण नको. कांदा काय, दुकानात मिळतो." ती प्रत्येकीच्या हातात पातीची जुडी ठेवायची. याइरावर ओरडणं तिनं सोडून दिलं होतं, आणि मला तेच जड जात होतं. पोरगी सरळ समोर कांदा उपटून आणायची आणि विचारायची, "आजी, वाढला का?" दिग्ना म्हणायची, "थोडा." ती परत खोचायला पळायची.

एका संध्याकाळी ती पोरीच्या वेण्या घालत बसली होती. याइरा तिच्या गुडघ्यांत पेंगत होती. दिग्नानं मान वर न करता मला विचारलं, "कोमाद्रे, ही गेली तर मी बाग राखू कुणापासून?"

माझ्या जिभेवर तीन-चार उत्तरं आली. डॉक्टरीण आहे, माझ्या कोंबड्या आहेत. ती गिळून मी काडेपेटी मागितली.

शुक्रवारी वर डोंगरात आभाळ फुटलं असावं. आमच्याकडे जेमतेम रिमझिम, पण शनिवारी उजाडलं तेव्हा नदी घरांखाली शिरलेली होती. यात घाबरण्यासारखं काही नसतं. घरं खांबांवर, बागा खांबांवर, नदी येते, ओसरीखालचा कचरा घेऊन जाते. फक्त जनावरांची पळापळ. माझ्या कोंबड्या छपरावर. तोरिबियोकाका आपल्या होडीत डॉक्टरणीला चढवायच्या खटपटीत, आणि ती काही तयार नाही.

"चल गं राणी, चल," काका विनवत होते.

"काका, लग्नात बायकोला एवढं मनवलं होतंत का?" मी ओसरीवरून ओरडले.

"ती स्वतः चढली होती गं!"

आम्ही असे हसतोय तेवढ्यात पाणी आणखी वीतभर चढलं. मी समोर बघितलं आणि माझं हसू तोंडातच राहिलं. दिग्नाची सोतेआ हलत होती. दुसऱ्या सगळ्यांच्या सोतेआ पाण्यात पाय बुडवून निमूट उभ्या होत्या, भेगांतून पाणी आत-बाहेर करत. दिग्नाची मात्र तरंगली. डांबर लावलेली, ठोकून घट्ट केलेली, बूच बसवलेली. ती आपल्या खांबांवरून उठली, जरा डुलली आणि कांद्या-टोमॅटोसकट हळूच ओसरीला येऊन टेकली. इतके महिने जी पोरीच्या हाताला लागू नये म्हणून उंच ठेवली होती, ती तिच्या पायाशी येऊन उभी राहिली.

याइरानं एक पाऊल टाकलं आणि आत गेली. का नाही जाणार? उंबरा ओलांडावा तशी गेली. बसली आणि कांदा उपटून बघायला लागली.

"दिग्ना!" मी किंचाळले. ती मागच्या बाजूला तांदळाचं पोतं वर उचलत होती. ती पुढं येईपर्यंत होडी ओसरीपासून सुटली, प्रवाहात नाक वळवलं आणि निघाली. मग एक हिसका बसला. नाकातल्या दोरीला बुजगावणं होतं. पिवळा फ्रॉक ताणला गेला, भोपळा तुटून वाहत गेला, पण खांब टिकला. बिनडोक्याची ती पोर कमरेच्या दोरीनं अख्खी बाग धरून उभी होती.

दिग्ना पाण्यात उतरली. छातीभर पाणी, मध्येच गळ्याला. माझा नवरा आमची होडी घेऊन मळ्यात गेलेला. मी काकांच्या नावानं शिमगा केला. काकांच्या होडीत तोवर डॉक्टरीण चढली होती आणि आता ती उतरायला तयार नव्हती. दिग्ना दोरी धरून धरून होडीच्या नाकापर्यंत पोचली. खांब कलायला लागला होता. मुळाशी पाणी माती खात होतं. तिनं मागं खांबाकडे बघितलं, पुढं होडीकडे बघितलं. दोरी एकच होती. होडीला ठेवली तर खांबासकट सगळंच जाणार, पोर आत. पोरीला हातात घेऊन मागं फिरावं तर एवढ्या ओढीत एका हातानं काय धरणार?

फार वेळ नाही लागला तिला. मला लागला असता, खरं सांगते. तिनं होडीच्या नाकातली गाठ सोडली, दोरी याइराच्या कमरेला गुंडाळली, तिला ओढून पाण्यात घेतलं, आणि होडी सोडून दिली. मग दोरी हातावर हात टाकत ती मागं आली, पोर काखेत. काका पोचले तेव्हा ती ओसरीच्या पायरीपर्यंत आलेली होती. काकांनी हात दिला. डुकरिणीनं नाक पुढं केलं.

होडी वळणाकडे जात होती. अगदी सरळ, ऐटीत, कुणीतरी वल्हवतंय अशी. टोमॅटो लालभडक दिसत होते लांबून. दिग्नानं वळून बघितलं नाही. तिनं याइराला कोरडं केलं. तर याइरानं काय करावं? ती सुटून परत ओसरीच्या कडेला धावली. "आजी, आपली बाग चालली! आणू या ना!" एक पाय तिनं हवेत टाकलेला होता. दिग्नानं तिला मागून पकडलं. तीच ओली दोरी, पोरीच्या कमरेला होती अजून, तिचा सैल पडलेला मधला भाग घराच्या खांबाला बांधला, घट्ट, दोन फेरे देऊन. आणि तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. पाणी अजून चढत होतं. याइरा भोकाड पसरून रडत होती.

बोट तेव्हाच आली. उशिरानं, पाण्यात वाहून येणारे ओंडके चुकवत. मिर्ले पुढच्या फळीवर उभी होती, शहरी बूट हातात घेऊन. नदीतून बघणाऱ्याला जे दिसायचं तेच तिलाही दिसलं, फक्त या वेळी ते बुजगावणं नव्हतं. तिची पोर खांबाला बांधलेली होती, आणि रडत होती.

मिर्ले दोरी सोडायला धावली, पण ओली गाठ सुटेना, शेवटी तिनं ती दातांनी सोडवली. "बांधलीस," ती म्हणत होती, "खरंच बांधलीस," एवढंच परत परत. मी माझ्या ओसरीवरून सगळं ओरडून सांगत होते, होडी, डांबर, बुजगावणं, प्रवाह, सगळं एकदम. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायची कुणाला सवय नाही, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा बोचलं. दिग्ना एक शब्द बोलली नाही.

पाणी ओसरलं. चिखल काढला. काकांनी मिर्लेला आपल्या बाजूनं गोष्ट सांगितली, त्यात डुकरिणीनंच पोरीला वाचवलं असं ऐकू आलं, पण बाकीचं जुळत होतं. मिर्ले ऐकून घ्यायची आणि आईकडे बघायची. आई चूल सारवायची. याइराच्या मुठीत त्या गडबडीतही एक कांदा राहिला होता, उपटून बघितलेला. मुळं शाबूत होती. दिग्नानं तो तेलाच्या रिकाम्या डब्यात लावला आणि डबा आढ्याला टांगला. पात पिवळी पडली होती. लागेल की नाही ते सांगता येत नव्हतं. अजूनही येत नाही. बाकी मुळं कुठल्या किनाऱ्याला लागली देव जाणे. खालच्या गावांत विचारून बघितलं आम्ही. कुणीतरी म्हणालं, टोमॅटो लावलेली होडी बघितली, आत कुणी नव्हतं. यावरून आता किब्दोत काय बातमी झाली असेल, मी विचार करायचं सोडलंय.

परतीची बोट आली. मिर्लेची पिशवी तयार होती, याइराची पण. शेवटी काय झालं ते आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. मिर्ले त्या बोटीनं एकटी गेली. कायमचं नाही ठरलेलं काही. शाळा सुरू होईल तेव्हा येऊन नेईन म्हणालीय, आणि दिग्ना तेव्हापासून शाळेचं नाव काढलं की उठून जाते. नवे खांब अजून रोवलेले नाहीत. काका म्हणतात, मोडकी होडी शोधून देतो, चांगली फुटकी.

पण बोटीवर चढायच्या आधी धक्क्यावर मिर्ले थांबली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोरीचं मनगट. नावाडी घाई करत होता. ती वळली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आई, मला सगळ्यांनी सांगितलं. मावशीनं सांगितलं, काकांनी सांगितलं. तू काहीच बोलली नाहीस. तू सांग. बांधलीस ना माझ्या पोरीला?"

मी सगळ्यांत जवळ उभी होते, म्हणून जसंच्या तसं सांगते. दिग्ना म्हणाली:

"हो, बांधली. जे जे मोकळं सोडलं ते नदीनं नेलं, मिर्ले. तू पण त्यातलीच."